डावीकडचा आवाज

चहा शाम आधी बशीत ओतायचा आणि बशीतून पुन्हा कपात. चहा गार करायची ही त्याची रीत. दुसऱ्याच्या गाडीत बसायचं असलं की चपला बाहेर काढायचा आणि अनवाणी पायानं क्लच दाबायचा. हातात पाना असला की बोलायचा नाही. कुणी काही विचारलं तर भुवई उचलायचा, एवढंच. हसताना तोंडावर हात न्यायचा, त्यामुळे मिशीला कायम ग्रीसचा डाग. आईचा फोन आला तरी उभा राहून बोलायचा. एसटीत खिडकीची काच वाजत असली तर तिकिटाची घडी करून फटीत खोचायचा आणि मगच डोळे मिटायचा. आयुषला तो मास्तर म्हणायचा. आयुष मास्तर नव्हता. यवतमाळच्या कॉलेजातून मराठीत एम.ए. होऊन तो मारेगावला घरी परतला होता आणि नोकरीची वाट पाहत होता.

"होशीन ना कधी तरी," शाम म्हणायचा. "आतापासून सवय लाव."

शाम राठोड मारेगावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरचा. वडील हरिसिंग, आई धुरपताबाई, घरची कापूस-तुरीची शेती. आपल्या सासऱ्याच्या बापानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहून नेलं होतं, असं धुरपताबाई सांगायची. त्यावर शामचं ठरलेलं उत्तर होतं. "आपल्या घराण्यात पाठीचा धंदा. चाकाचा धंदा करणारा मीच पहिला."

दहावीपर्यंत तो आणि आयुष एका बाकावर बसले. नंतर शाम मुकुटबनला ट्रकच्या गॅरेजात गेला, तिथून यवतमाळला कारच्या. परत आला तेव्हा त्यानं मारेगावच्या रोडवर टिनाचं शेड टाकलं. शेडमध्ये एका जुन्या गाडीची मागची सीट काढून ठेवली होती. ती आयुषची जागा. दुपारी आयुष तिथे पुस्तक घेऊन बसायचा. वाचणं कमीच व्हायचं.

गाडीचा पुढचा भाग वाजत असला की लोक शामकडे यायचे. इंजिनाला हात लावणारे गावात आणखी होते. पण रस्त्यात खड्डा आला, गतिरोधक आला की पुढून कुठून तरी टक टक होतं, आणि गॅरेजात उभी केली की गाडी गप्प, अशा गाड्या शामच्याच. शाम चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचा आणि तळहात गाडीच्या तळावर टेकवायचा. आवाज कानानं ऐकला की फसवतो, हाताला लागला की खरा, असं त्याचं म्हणणं. बहुतेक वेळा ते खरं ठरायचं. बबनरावांच्या गाडीत ठरलं नाही.

बबनराव गावातले मोठे शेतकरी. कापूस, सोयाबीन, तूर, सगळं जोरात. त्यांच्या बायकोच्या, इंदुताईंच्या, किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना यवतमाळला डायलिसिसला न्यावं लागे. बबनरावांनी त्यासाठी गाडीची मधली सीट काढून गादी अंथरली होती. इंदुताई जाताना बसून जायच्या आणि येताना आडव्या होऊन यायच्या.

पहिल्यांदा ते गाडी घेऊन आले तेव्हा इंदुताईही गादीवर होत्या. हातावर पट्टी होती.

"शाम, पाह्य बरं बाबू," त्या म्हणाल्या. "रस्ताभर टक टक, टक टक. डॉक्टर म्हणते आराम करा. कसा करू?"

"करून देतो काकू."

"मी मरीन तर किडनीनं मरीन. गाडीनं नको मारू मले."

शाम तोंडावर हात नेऊन हसला. बबनराव हसले नाहीत.

त्यानं आधी लिंक रॉड पाहिले. ते ढिले निघाले, बदलले. आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. मग बॉनेट उघडून शॉकअपच्या वरच्या टोकावर हात ठेवला आणि आयुषला मडगार्ड दाबायला लावलं. तिथे काही नव्हतं. राहिले खालचे दोन आर्म. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा लोखंडी दांडा म्हणजे आर्म. एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकाच्या टोकाला वाटीत बसवलेला एक गोळा असतो, त्याला बॉलजॉइंट म्हणतात. गोळा वाटीत ढिला झाला की वाजतो.

ट्रायल घेतली. शामला आवाज डावीकडे वाटला. बबनरावांनाही डावीकडे. आयुषला विचारलं, तर तोही डावीकडेच म्हणाला.

"मले तर उजवीकडून वाटते," गादीवरून इंदुताई म्हणाल्या.

"तुले काय समजते गाडीतलं," बबनराव म्हणाले. "पडून राय."

शामनं डावा आर्म बदलला. नवा कोरा, काळा रंग दिलेला. गाडी एक फेरी शांत गेली. दुसऱ्या फेरीला पांढरकवड्याच्या अलीकडे टक टक पुन्हा सुरू झाली.

बबनराव त्या दिवशी शेडवर आले नाहीत. चहाच्या टपरीवर गेले. तिथे ते काय बोलले, ते संध्याकाळपर्यंत शेडवर येऊन पोचलं. आणणारा धर्मपाल, टायरच्या दुकानाचा मालक. तो आला, बसला, आणि म्हणाला, "बबनराव म्हणून राह्यले, तांड्यावरच्या पोराले पंक्चरपुरतं ठेवा. त्याच्या पुढचं त्याले नाही जमत."

शामच्या हातात पाना होता. त्यानं भुवई उचलली. धर्मपाल थोडा वेळ थांबला, मग उठून गेला.

"आणू दे गाडी," बऱ्याच वेळानं शाम म्हणाला.

त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. झाडावर राहिलेला शेवटचा कापूस भिजून पिवळा पडला. मग ऊन पडलं, तेही असं की दोन दिवसांत शिवारातल्या पायवाटांवर धूळ उडायला लागली.

गाडी आली तेव्हा शामनं ती जॅकवर घेतली. दोन्ही चाकं धरून हलवली, पहार घालून आर्म उचकटून पाहिले. काही नाही. खाली उतरवली आणि हळूच शेडपुढच्या खड्ड्यातून नेली. टक. पुन्हा जॅकवर घेतली. काही नाही.

"चाक लटकलं की गोळा ताणून बसते," तो आयुषला म्हणाला. "चाकावर वजन पाहिजे, अन् मी खाली पाहिजे. तवाच सापडीन." मग म्हणाला, "काकू उजवीकडून म्हणत होत्या ना?"

"हो."

"पुढच्या दोन चाकांमधून आडवी पट्टी जाते. लोखंड आहे. तिकडचा आवाज इकडे आणून सोडते. आपण तिघंबी बसून ऐकलं, मास्तर. त्या पडून ऐकून राह्यल्या होत्या. कान गादीवर."

बबनराव गाडी घ्यायला आले. शामनं किल्ली दिली नाही.

"काकाजी, गाडी रोडवर नका नेऊ."

"काहून?"

"उजवा बॉलजॉइंट असंन, तर कधी सुटीन सांगता येत नाही. सुटला की चाक आडवं होते. कोळशाचे ट्रक चालू असते रोडवर."

"असंन म्हणजे? तुले माहीत आहे की नाही?"

"पाह्यल्याशिवाय कसं सांगू? डावा पाह्यल्याशिवाय बदलला अन् चुकलो."

"मंग वणीला नेतो. तिथं रॅम्प आहे."

"वणीपर्यंत चालवान तुम्ही?"

बबनरावांचा आवाज चढला. "उद्या हिची डायलिसिसची पाळी आहे. ते समजते का तुले? भाड्याच्या गाडीत तिले बसवत नाही. उलट्या होतात. उद्या नाही गेली तर परवा पाय सुजतात, तेरवा श्वास लागते. अन् तू मले किल्ली देत नाहीस."

"उद्या सकाळी देतो," शाम म्हणाला. "दुरुस्त करून देतो. उजवा आर्म आणून ठेवला आहे. फक्त पाहू द्या."

"कुठं पाह्यतो?"

"तांड्यावर. चारीवर."

चारी म्हणजे तांड्यामागून जाणारी तलावाच्या पाण्याची पाटचारी. कित्येक वर्षांत तिच्यातून पाणी आलं नव्हतं. रुंदी अशी की गाडीची डावी चाकं एका काठावर, उजवी दुसऱ्या काठावर बसायची. खाली माणूस पाठीवर निजू शकेल एवढी खोल. शेडमध्ये खड्डा करणं शामला जमलं नव्हतं, त्यामुळे वजनावर पाहायची गाडी तो तिथे न्यायचा. तांड्यावरची माणसं हसायची. हरिसिंग म्हणायचे, "पाणी नाही आलं तर नाही आलं, गाड्या तर आल्या."

गाडी चालत्या माणसाच्या वेगानं नेली. शाम अनवाणी पायानं चालवत होता, शेजारी आयुष, मागे बबनराव. तांड्याच्या तोंडाशी धुरपताबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि गोरबोलीत जेवायला हाक मारली, "शाम, बाटी खाले."

"आऊचू, याडी," तो खिडकीतून म्हणाला. येतो, आई. आणि गाडी पुढे घेतली.

काठावर उतरून त्यानं टाचेनं माती ठोकून पाहिली. इकडची, मग तिकडची. वरचा थर उन्हानं खणखणीत झाला होता. भेगाही पडायला लागल्या होत्या. बबनरावही उतरले. त्यांनी वाकून ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं, धूळ झाली.

"चालते," बबनराव म्हणाले.

आयुषनं मातीकडे पाहिलं होतं, असं त्याला नंतर आठवायचं. काही वाटलं होतं का, ते आठवायचं नाही.

शामनं गाडी चारीवर नेमकी चढवली. मग आयुषला सीटवर बसवलं, इंजिन बंद करायला लावलं, आणि स्वतः चारीत उतरून मागच्या बाजूनं आत सरकला. हातात बॅटरी आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर.

"काकाजी, बॉनेटवर दाबा," खालून आवाज आला.

बबनराव वजनदार माणूस. त्यांनी दोन्ही तळहात टेकून दाबलं.

"सोडा. दाबा. सोडा. मास्तर, स्टेअरिंग डावीकडे. थोडं. आता उजवीकडे."

टक.

"पुन्हा दाबा."

टक.

"आला," शाम म्हणाला. "थांबा. आता कोणता ते पाहू द्या. काकाजी, उजव्या बाजूनं दाबा. जोरात. थांबू नका."

बबनराव उजव्या मडगार्डाशी गेले. दाबू लागले. गाडी झुलत होती. आयुषच्या हातांना स्टेअरिंगमधून तो झोका कळत होता. समोर पळसाचं झाड होतं आणि त्याच्यावर एक चिमणी सारखी जागा बदलत होती.

"मास्तर, डावीकडे घे बे. हां. तिथंच राय."

मग गाडी उजवीकडे बसली. पडली असं म्हणता येणार नाही. बसली. चिखलातून पाय ओढून काढावा तसा आवाज झाला. बबनराव अजून हात टेकून उभे होते आणि मडगार्ड त्यांच्या हातांखालून खाली गेलं होतं. काठाचा वरचा थर चाकाखाली फुटला, बाकीचा पापुद्र्यासारखा जागच्या जागी राहिला. त्याच्या खालची माती काळी, ओली, चकाकत होती. त्या आठवड्यातला पाऊस पापुद्र्याखाली तसाच होता.

आयुषनं हाक मारली. शाम म्हणून एकदा, नंतर कितीदा ते त्याला माहीत नाही. दार उघडेना. तो डाव्या दारानं बाहेर पडला. बबनराव गुडघ्यांवर बसून हातांनी माती उपसत होते.

तांडा धावत आला. बाजेचे पाय, बांबू, वखराचं लाकूड, जे हाताला लागलं ते गाडीखाली घातलं. उकंडा जाधवनं ट्रॅक्टर आणला आणि दोर बांधला. गाडी उचलली गेली. शामला बाहेर काढलं तेव्हा हरिसिंगांनी त्याच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. मग त्यांनी मान उचलली आणि कुणाकडेच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंदुताई कुणाच्या तरी जीपमध्ये यवतमाळला गेल्या. वाटेत तीनदा जीप थांबवावी लागली. परत आल्या त्या घरी न जाता तांड्यावर आल्या. हातावर ताजी पट्टी होती. धुरपताबाईच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. धुरपताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्यासाठी सतरंजी पुढे सरकवली. दोघी संध्याकाळपर्यंत तशाच होत्या.

गावात बोलणं सुरू होतं. टपरीवर जो तो तेच म्हणत होता, "पावसानंतर काळ्या मातीवर कोण भरोसा ठेवते? लहान पोराले बी समजते." धर्मपालही म्हणाला. बबनराव एकदा ते ऐकत उभे राहिले.

"मी पाह्यली होती माती," ते म्हणाले. "हातात घेऊन पाह्यली होती. मीच म्हटलं चालते."

बबनराव चहा न घेताच निघून गेले. सगळ्यांचं आयुष्य काळ्या मातीत गेलं होतं. तिथे असते तर त्यांच्यातल्या कुणीही ते ढेकूळ उचललं असतं, चुरलं असतं आणि तेच म्हटलं असतं. आयुषला हे कळत होतं. त्याचा उपयोग काहीच नव्हता.

आयुष रोज तांड्यावर जात होता. जाऊन काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. इतकी पुस्तकं वाचली होती, त्यांतल्या कितीकांत माणसं मेली होती. एकाही ठिकाणी, नंतर दारात आलेल्या मित्रानं कुठे बसायचं, हे त्याला आठवेना. तो उंबऱ्याबाहेर बसायचा. कुणी चहा दिला तर प्यायचा.

तिसऱ्याचं झालं. पाहुणे पांगले. धुरपताबाई बाहेर आली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"मास्तर," ती म्हणाली. तीही त्याला आता तेच म्हणायला लागली होती. "त्याले सापडला का आवाज?"

आयुषनं हातातला कप खाली ठेवला.

"तू वरती होतास. त्यानं सांगितलं असंन तुले."

"आला, म्हणाला होता. कोणत्या बाजूचा, ते पाहत होता."

"मंग सापडला का?"

"माहीत नाही, याडी."

"जेवला नव्हता तो," ती म्हणाली. "मी बाटी खा म्हटलं, तर येतो म्हणाला. काम झाल्याबिगर तो जेवत नव्हता, लहानपणापासून. लोक म्हणते, त्याले जमलं नाही म्हणून गेला खाली. मले एवढंच सांग. सापडला असंन तर सांग. नसंन तर तसं सांग."

हो म्हणणं सोपं होतं. तिला खरं-खोटं कळलं नसतं. आयुषच्या तोंडाशी आलंही होतं. पण ती ज्या नजरेनं पाहत होती, तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

"पाहून येतो," तो म्हणाला.

गाडी ट्रॅक्टरनं ओढून चारीपासून दूर, मुरमाच्या कडक रस्त्यावर आणून ठेवली होती. पोलिसांचा पंचनामा झाला होता. बबनराव तिच्याकडे फिरकले नव्हते, आणि दुसरा कुणी मिस्त्री तिला हात लावायला तयार नव्हता. उजवा दिवा फुटला होता. मागच्या काचेतून गादी दिसत होती, तिच्यावरची चादर नीट खोचलेली.

आयुष पाठीवर निजला आणि खाली सरकला. गाडीखाली तो आयुष्यात पहिल्यांदाच जात होता. काही क्षण त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. मग उघडले.

डावा आर्म ओळखता आला. काळा रंग, नवा. त्यानं मान उजवीकडे वळवली. तिकडे सगळीकडे चिखल वाळून बसला होता. तो नखांनी खरवडू लागला. माती कपच्यांनी निघत होती, डोळ्यांत पडत होती. आर्मच्या टोकाशी बोटाला लाकडी मूठ लागली.

स्क्रू-ड्रायव्हर तिथेच होता. त्याचं टोक वाटी आणि गोळा यांच्या फटीत शिरलेलं. घट्ट गोळ्याला अशी फट नसते, एवढं आयुषला शेडमध्ये बसून माहीत झालं होतं. त्यानं मूठ धरली आणि हळूच दाबली.

टक.

तोच आवाज. उजवीकडचा. त्यानं पुन्हा दाबली नाही. मुठीवरचा हात तसाच राहू दिला.

तांड्याकडून धुरपताबाईनं हाक मारली. "मास्तर."

गोळ्यावर एक रबरी टोपी असते, आतलं ग्रीस राखायला. आवाज सापडला की शाम ती सोडवायचा, आणि सगळी सोडवल्याशिवाय गोळा कधी मालकाला दाखवत नसे. टोपीची अलीकडची कड शामनं सोडवून वर दुमडली होती. पलीकडची अर्धी अजून गोळ्याला चिकटून होती.